आवृत्तीची खूण : लेबलें आणि कीवर्ड यांचा विचार

आपल्या हातीं असलेल्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकाचें पहिलें पान उलटून पाहिलें असतां पुस्तकाचें नांव, ग्रंथकर्त्याचें नांव व मुद्रणालयाचें नांव यांच्या जोडीस 'आवृत्ति दुसरी' किंवा 'आवृत्ति पांचवी' अशी एक लहानशी ओळ दृष्टीस पडते. विद्यार्थी बहुधा ती वाचीत नाहींत. परंतु वर्गांत एकाच्या हातीं दुसरी आवृत्ति व शेजाऱ्याच्या हातीं पांचवी आवृत्ति असली, आणि गुरुजींनीं 'पृष्ठ ४२ उघडा' असें सांगितलें, म्हणजे त्या लहान ओळीचें महत्त्व तत्काळ कळून येतें. नांव एकच, वेष्टण एकच, आणि तरीहि तीं दोन पुस्तकें एक नव्हेत!

आपल्या पूर्वजांसहि ही अडचण ठाऊक होती. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक शक, तिथि व आपलें नांव लिहून ठेवीत. त्यावरून ती नक्कल कोणी व केव्हां केली हें पुढील वाचकास समजे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, सिद्ध झाली. पुढें नकलांवरून नकला होतां होतां तींत पाठभेद शिरले, आणि संत एकनाथांस शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. तात्पर्य, जो लेख वारंवार उतरला जातो व वारंवार बदलला जातो, त्या लेखावर 'मी अमुक प्रत आहें' अशी खूण असणें हें केवळ शोभेसाठीं नसून सत्याच्या रक्षणासाठीं असतें. प्रस्तुत पाठांत आम्ही हाच नियम संगणकाच्या आज्ञालेखांस कसा लागू पडतो हें क्रमानें पाहणार आहों.

१. आज्ञावलीच्या आवृत्त्या

संगणक हें यंत्र आपल्या बुद्धीनें कांहीं करीत नाहीं. मनुष्यानें लिहून दिलेल्या आज्ञा तें क्रमानें पाळतें. ह्या आज्ञांच्या समूहास प्रोग्राम अथवा आज्ञावली म्हणतात, आणि मनुष्यास वाचतां येईल अशा तिच्या मूळ लेखास सोर्स कोड म्हणतात. मोठी आज्ञावली एका फाइलींत मावत नाहीं. ती शेंकडों, कित्येकदां हजारों फायलींत विभागलेली असते, आणि अनेक माणसें एकाच वेळीं तिच्यावर काम करीत असतात. चूक सांपडली कीं ती दुरुस्त करावयाची, नवी सोय हवी झाली कीं ती घालावयाची, असा क्रम वर्षानुवर्षें चालतो. पुस्तकाची नवी आवृत्ति निघण्यास कांहीं वर्षें लागतात. आज्ञावलीच्या एका फाइलीच्या एका दिवसांत दहा आवृत्त्या होऊं शकतात.

ह्या फेरबदलांची शिस्तवार नोंद ठेवण्याच्या विद्येस आवृत्ति-नियंत्रण असें म्हणतात. कोणी बदललें, केव्हां बदललें, कां बदललें, आणि बदलण्यापूर्वीं तेथें काय होतें, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें केव्हांहि मिळावींत हा तिचा हेतु होय. हें काम यंत्राकडूनच करून घ्यावें म्हणून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं एक आज्ञावली रचिली. तिचें नांव सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, संक्षेपानें एससीसीएस. तींत प्रत्येक आवृत्ति संपूर्ण न उतरतां एका आवृत्तींतून दुसरींत जातांना पडलेला फरक तेवढाच साठविला जाई. १९८२ सालीं पर्ड्यू विद्यापीठांतील वॉल्टर टिची यांनीं आरसीएस नांवाची दुसरी व्यवस्था पुढें आणिली. तिच्यांत सर्वांत अलीकडची आवृत्ति संपूर्ण ठेवून जुन्या आवृत्त्यांकडे परत जाण्याचे फरक तेवढे नोंदीत, त्यामुळें रोज लागणारी ताजी प्रत त्वरित हातीं येई.

आवृत्त्या जेथें साठविल्या जातात त्या स्थानास आम्ही येथें भांडार म्हणूं. लेखक भांडारांतून प्रत काढून घेतो, तींत बदल करितो, आणि बदलाचें कारण लिहून ती परत जमा करितो. जमा होतांच फाइलीस पुढील क्रमांक मिळतो : १.१, नंतर १.२, नंतर १.३, याप्रमाणें.

आतां दोन निरनिराळे प्रश्न उत्पन्न होतात. पहिला : माझ्या हातांत असलेली ही एक फाइल कोणत्या आवृत्तीची आहे? दुसरा : अनेक फायलींच्या कोणकोणत्या आवृत्त्या मिळून एक पूर्ण आज्ञावली तयार झाली? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कीवर्ड देतो. दुसऱ्याचें उत्तर लेबल देतें. हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील सर्व विषय सुगम होईल.

२. कीवर्ड आणि त्याचा विस्तार

भांडारांतून प्रत बाहेर पडली कीं भांडाराशीं तिचा संबंध तुटतो. ती कोणी दुसऱ्या यंत्रावर नेतो, कोणी कागदावर छापतो, कोणी मित्रास धाडतो. सहा महिन्यांनीं तीच प्रत समोर आली तर तिच्यावरून आवृत्ति कशी ओळखावी? लेखकानें हातानें 'आवृत्ति १.४' असें लिहून ठेवावें असें कोणी म्हणेल. परंतु मनुष्य फाइल बदलतो आणि वरची ओळ बदलण्यास विसरतो. मग खूण नसण्यापेक्षां खोटी खूण अधिक घातक होते. म्हणून ही ओळ भांडारानेंच भरावी अशी युक्ति काढण्यांत आली.

लेखकानें फाइलींत ठराविक जागीं एक ठरलेला शब्द लिहावयाचा, आणि प्रत देतांना यंत्रानें त्या शब्दाच्या जागीं खरी माहिती घालावयाची. त्या शब्दास कीवर्ड म्हणतात, आणि माहिती भरण्याच्या क्रियेस कीवर्डाचा विस्तार म्हणतात. छापील अर्जांत 'नांव' आणि 'तारीख' यांपुढें मोकळी जागा असते व कचेरींतील कारकून ती भरितो, त्यासारखाच हा प्रकार आहे.

एससीसीएस मध्यें कीवर्ड दोन शेकडा-चिन्हांच्या मध्यें एक रोमन अक्षर घालून लिहीत. एका अक्षरानें फाइलीचें नांव, दुसऱ्यानें आवृत्तीचा क्रमांक, तिसऱ्यानें तारीख मिळे. विशेष हा कीं, वाचण्यासाठीं काढलेल्या प्रतींत हा विस्तार होई, परंतु बदल करण्यासाठीं काढलेल्या प्रतींत तो होत नसे. हा विवेक योग्यच होता. कारण जी प्रत अद्यापि बदलली जात आहे तिला कोणत्याच आवृत्तीचें नांव शोभत नाहीं.

आरसीएस मध्यें कीवर्ड दोन डॉलर-चिन्हांच्या मध्यें लिहितात. मूळांत हीं अक्षरें रोमन असतात. वाचकांच्या सोयीसाठीं येथें आम्ही तीं नागरींत देत आहों. समजा, शाळेच्या शुल्काचा हिशेब करणारी एक फाइल आहे. तिच्या आरंभीं लेखकानें एवढेंच लिहिलें :

$आयडी$

फाइल भांडारांत जमा करून पुन्हां काढली असतां तीच ओळ अशी दिसेल :

$आयडी: शुल्क.सी,व्ही १.४ १९९६/०३/१२ १०:१५:४२ शिक्षक एक्स्प $

ह्यांत अनुक्रमें फाइलीचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, जमा केल्याची तारीख व वेळ, जमा करणाऱ्याची संगणकावरील ओळख, आणि फाइलीची स्थिति इतकी माहिती आली. शेवटचा 'एक्स्प' हा शब्द 'प्रायोगिक' ह्या अर्थाचा असून दुसरी कोणती स्थिति सांगितली नसल्यास तोच घातला जातो. दोन्ही बाजूंचीं डॉलर-चिन्हें कायम राहिल्यामुळें पुढील वेळीं यंत्र जुनी माहिती पुसून नवी भरूं शकतें. केवळ क्रमांक हवा असल्यास 'रिव्हिजन', केवळ तारीख हवी असल्यास 'डेट', केवळ लेखक हवा असल्यास 'ऑथर', असेहि निरनिराळे कीवर्ड आहेत.

येथवर कीवर्ड मनुष्यानें वाचावयाच्या टीपेंत होता. परंतु तोच कीवर्ड आज्ञावलीच्या आंत एका अक्षरमालिकेंत ठेविला तर आणखी एक लाभ होतो. सोर्स कोडापासून यंत्राच्या भाषेंतील आज्ञावली तयार केली असतां मनुष्यास ती वाचतां येत नाहीं. परंतु ती अक्षरमालिका बहुधा तिच्या पोटांत जशीच्या तशी राहते. एससीसीएस बरोबर 'व्हॉट' आणि आरसीएस बरोबर 'आयडेंट' नांवाचीं दोन लहान साधनें मिळत. तीं कोणत्याहि फाइलींत शिरून असल्या खुणा हुडकून काढतात. अशा रीतीनें, तयार झालेल्या यंत्रासच 'तूं कोणकोणत्या फायलींच्या कोणत्या आवृत्त्यांपासून घडलास?' असें विचारतां येतें.

३. लेबल

वर सांगितलेल्या व्यवस्थेंत प्रत्येक फाइलीचा क्रमांक स्वतंत्र वाढतो. जी फाइल वारंवार बदलते तिचा क्रमांक मोठा, जी क्वचित् बदलते तिचा लहान. समजा, आमच्या शाळेच्या आज्ञावलींत तीन फायली आहेत, आणि वार्षिक निकालाच्या दिवशीं त्यांच्या आवृत्त्या अशा आहेत :

शुल्क — १.७
हजेरी — १.३
छपाई — १.१२

त्या दिवशीं आज्ञावली नीट चालली. दोन महिन्यांनीं शुल्क १.९ वर गेली, हजेरी १.३ वरच राहिली, आणि छपाई १.१५ वर गेली. आणि निकालपत्रकें छापतांना नवा बिघाड दिसूं लागला. 'निकालाच्या दिवशीं जशी होती तशी आज्ञावली पुन्हां काढा' असें मुख्याध्यापकांनीं सांगितलें, तर ती कशी काढावी? तीनच फायली असल्या तर क्रमांक वहींत टिपून ठेवतां येतील. तीन हजार असल्या तर तें अशक्य होय.

ह्यासाठीं लेबल. लेबल म्हणजे त्या क्षणीं असलेल्या सर्व फायलींच्या आवृत्त्यांस मिळून दिलेलें एक नांव. निकालाच्या दिवशीं 'वार्षिक-निकाल' असें लेबल लाविलें, म्हणजे पुढें केव्हांहि 'वार्षिक-निकाल काढा' एवढें सांगतांच १.७, १.३ व १.१२ ह्या तीन आवृत्त्या बरोबर हातीं येतात. शिंप्याच्या दुकानीं सदरा, कोट व पायजमा हे एकाच गिऱ्हाइकाचे म्हणून एका दोऱ्यानें बांधून वर चिठ्ठी लावितात. लेबल ही ती चिठ्ठी होय.

निरनिराळ्या व्यवस्थांत ह्या वस्तूचें नांव व घडण निरनिराळी आहे. आरसीएस मध्यें तिला सांकेतिक नांव म्हणत. सीव्हीएस ही व्यवस्था डिक ग्रून यांनीं १९८६ सालीं आरंभिली व ब्रायन बर्लिनर यांनीं १९८९ सालीं नव्यानें लिहिली. तिच्यांत टॅग हा शब्द रूढ झाला. सीव्हीएस च्या टॅगांत अक्षरें, अंक, जोडरेघ व अधोरेघ एवढींच चिन्हें चालत, टिंब चालत नसे; म्हणून 'रिलीज १.०' असें लिहिण्याऐवजीं 'रिलीज-१-०' असें लिहावें लागे. परफोर्स नांवाच्या व्यवस्थेंत लेबल हाच शब्द आहे. सबव्हर्जन, जिची १.० ही आवृत्ति २००४ सालीं निघाली, तिनें निराळाच मार्ग धरिला. तिच्यांत क्रमांक एकेका फाइलीस नसून संपूर्ण भांडारास असतो, आणि टॅग म्हणजे त्या क्षणीच्या सर्व फायलींची 'टॅग्ज' नांवाच्या कप्प्यांत ठेविलेली एक नक्कल. ही नक्कल प्रत्यक्ष उतरून काढलेली नसून मूळाकडे बोट दाखविणारी असते, म्हणून तिला जागा अत्यल्प लागते.

कीवर्ड आणि लेबल यांतील भेद आतां स्पष्ट होईल. कीवर्ड फाइलीच्या पोटांत असतो आणि तिच्याबरोबर कोठेंहि प्रवास करितो, परंतु त्याला आपल्या एका फाइलीपलीकडचें दिसत नाहीं. लेबल भांडारांत असतें. त्याला सर्व समूह दिसतो, परंतु भांडाराबाहेर गेलेल्या फाइलीवर तें आपोआप उमटत नाहीं. दोघेहि परस्परांस पूरक होत. म्हणूनच आरसीएस व सीव्हीएस यांत 'नेम' नांवाचा एक कीवर्ड ठेविला होता. लेबलाचें नांव घेऊन प्रत काढली असतां तेंच नांव फाइलींत उमटे, आणि दोहोंची गांठ पडे.

४. कीवर्डाचे दोष

प्रत्येक सोयीबरोबर कांहीं गैरसोयी येतात. त्या न सांगतां हा पाठ पुरा करणें उचित होणार नाहीं.

पहिला दोष. यंत्र डॉलर-चिन्हांतील शब्द शोधून त्याच्या जागीं दुसरा मजकूर घालतें, परंतु फाइल लेखाची आहे कीं चित्राची हें तें आपण होऊन ओळखीत नाहीं. चित्र, ध्वनि किंवा यंत्रभाषेंतील आज्ञा यांच्या फाइलींत तीच अक्षरें योगायोगानें किंवा अन्य कारणानें आलीं तर तेथेंहि विस्तार होतो आणि फाइल बिघडते. म्हणून सीव्हीएस मध्यें असल्या फायली आरंभींच निराळ्या नोंदवाव्या लागत. सबव्हर्जननें नियमच उलटा केला : लेखकानें एखाद्या फाइलीसाठीं स्पष्ट परवानगी दिल्यावांचून विस्तार करावयाचाच नाहीं.

दुसरा दोष. दोघांनीं एकाच फाइलींत निरनिराळे बदल केले व ते एकत्र करण्याची वेळ आली, तर खऱ्या मजकुरांत कांहीं विरोध नसतांहि कीवर्डाच्या ओळी मात्र परस्परांहून भिन्न निघतात, आणि यंत्र 'विरोध आहे' अशी तक्रार करितें. तुलना करितांना कीवर्डाचा विस्तार गाळून टाकणें हा त्यावर उपाय होय.

तिसरा दोष 'लॉग' नांवाच्या कीवर्डाचा. तो प्रत्येक बदलाचें कारण फाइलींतच लिहीत जातो. आरंभीं हें मोठें सोयीचें वाटतें. परंतु कांहीं वर्षांनीं मूळ मजकूर थोडा आणि इतिहासच फार अशी स्थिति होते. इतिहास भांडारांत सुरक्षित असतोच; तो फाइलींत पुन्हां कोंबण्यानें लाभ अल्प व अडचण पुष्कळ.

चौथा दोष सर्वांत सूक्ष्म. प्रत काढल्यानंतर कोणी तींत हातानें बदल केला आणि ती जमा केली नाहीं, तर कीवर्डाची ओळ जुनीच राहते. फाइल 'मी १.४' असें सांगते, परंतु ती १.४ राहिलेली नसते. खूण म्हणजे साक्ष होय. आणि साक्ष दिल्यानंतर वस्तु बदलली तर साक्षीचें मोल राहत नाहीं.

५. नांव हेंच स्वरूप

२००५ सालच्या एप्रिल महिन्यांत लिनस टॉरवाल्ड्स यांनीं गिट ही व्यवस्था आरंभिली. तिच्यांत आवृत्तीस १.४ असा चढता क्रमांक नसतो. संपूर्ण मजकूर, त्याची पूर्वीची आवृत्ति, लेखक, तारीख व कारण हें सर्व घेऊन गणिताच्या एका रीतीनें ४० चिन्हांची एक संख्या काढितात, आणि तीच त्या आवृत्तीचें नांव ठरते. ही मूळची रीति होय. तीहून लांब नांवें देणाऱ्या नव्या रीतीचीहि सोय आतां झालेली आहे. मजकुरांतील एक स्वल्पविराम बदलला तरी नांव अगदीं निराळें येतें. म्हणजे येथें नांव वरून चिकटविलेलें नसून वस्तूच्या स्वरूपापासूनच निघतें.

आतां चतुर विद्यार्थ्यांनीं क्षणभर विचार करावा. असें नांव कीवर्डाच्या रूपानें त्याच मजकुरांत साठवितां येईल काय? येणार नाहीं. नांव मजकुरावरून निघतें. नांव मजकुरांत घातलें कीं मजकूर बदलतो. मजकूर बदलला कीं नांव बदलतें. आणि हें चक्र संपत नाहीं. गिटमध्यें कीवर्डास गौण स्थान मिळण्याचें हें एक मोठें कारण होय. तेथें 'आयडी' हा एकच कीवर्ड, आणि तोहि परवानगी दिली तरच, विस्तार पावतो. आणि त्यांत संपूर्ण आवृत्तीचें नांव नसून त्या एका फाइलीच्या मजकुराचें नांव येतें. प्रत जमा करितांना तें पुन्हां पुसून मूळ कीवर्ड तेवढा ठेवितात. शिवाय, बाहेर देण्यासाठीं संपूर्ण संग्रहाची गांठोडी बांधतांना तींत आवृत्तीचें नांव भरण्याचीहि सोय आहे. कारण गांठोडी भांडाराच्या बाहेर जाते आणि वरील चक्र तेथें उत्पन्न होत नाहीं.

लेबलाचें महत्त्व मात्र गिटमध्यें वाढलें. ४० चिन्हांचें नांव मनुष्याच्या स्मरणांत राहत नाहीं. म्हणून महत्त्वाच्या आवृत्तीस सुबोध टॅग देणें अवश्य झालें. टॅग दोन प्रकारचे : एक केवळ नांव, दुसरा देणाऱ्याचें नांव, तारीख व टीप यांसह. ह्या दुसऱ्यावर गुप्तलेखनाच्या रीतीनें स्वाक्षरीहि करितां येते. 'डिस्क्राइब' ही आज्ञा दिली असतां सर्वांत जवळचा टॅग, त्यानंतर झालेल्या नोंदींची संख्या, आणि नांवाचीं पहिलीं कांहीं चिन्हें असें उत्तर मिळतें. मागितल्यास, हातानें केलेला व जमा न झालेला बदल असेल तर शेवटीं 'मलिन' ह्या अर्थाचा शब्दहि जोडला जातो. वर सांगितलेल्या चौथ्या दोषाचें हें उत्तम निवारण होय. आज्ञावली तयार करण्याच्या वेळीं हें उत्तर तिच्या पोटांत लिहून ठेवावें, ही आज अनेक ठिकाणीं चालू असलेली रीति आहे.

जुन्या खुणा कशा मागें पडल्या याचें एक उदाहरण फ्रीबीएसडी ह्या संगणकप्रणालीचें. तिच्या फायलींत प्रणालीच्याच नांवाचा एक कीवर्ड असे. सीव्हीएस च्या काळीं तो उपयोगी होता. २००८ सालीं सबव्हर्जनकडे गेल्यावरहि तो चालला. परंतु त्यानंतर मंडळी गिटकडे वळलीं तेव्हां त्याचा विस्तार थांबला, आणि २०२३ सालीं तो असंख्य फायलींतून काढून टाकण्यांत आला. जी खूण कांहीं सांगत नाहीं ती ठेवण्यांत अर्थ नसतो.

६. एक शिकण्यासारखी गोष्ट

हा सर्व केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न आहे असें कोणा पालकांस वाटेल. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतों. अमेरिकेंत नाइट कॅपिटल नांवाची रोखे-व्यवहार करणारी एक कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत एक नवी योजना सुरू व्हावयाची होती, आणि तिच्यासाठीं कंपनीनें नवी आज्ञावली आपल्या ८ सर्व्हरांवर बसवावयास घेतली. ती ७ यंत्रांवर बसली. आठव्यावर बसवावयाची राहिली, आणि हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. नव्या आज्ञावलीनें ज्या खुणेचा उपयोग केला होता तीच खूण पूर्वीं एका जुन्या, २००३ सालापासून वापरांत नसलेल्या भागास जागृत करीत असे. आठव्या यंत्रांत तो जुना भाग तसाच पडून होता. बाजार उघडतांच तो जागा झाला आणि थांबण्याचें नांव न घेतां खरेदीविक्रीच्या मागण्या पाठवूं लागला.

गिऱ्हाइकांच्या केवळ २१२ मागण्यांवरून सुमारें ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार घडले. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर उलटेपालटे झाले. आणि कंपनीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगानें २०१३ सालीं दिलेल्या आदेशांत ही हकीकत आलेली आहे. त्यांतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. संकटाच्या त्या घाईंत कंपनीच्या माणसांनीं ज्या ७ यंत्रांवर योग्य आज्ञावली होती तेथूनच ती काढून टाकली. त्यामुळें त्या यंत्रांतहि जुना भाग जागा झाला आणि संकट वाढलें.

त्या सकाळीं ज्या प्रश्नाचें उत्तर क्षणांत मिळणें अवश्य होतें तो प्रश्न आपल्या पाठाचाच होता : कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ति आहे? लेबल किंवा कीवर्ड स्वतः कोणतेंहि संकट टाळीत नाहींत, हें आम्ही मान्य करितों. खूण असली तरी ती वाचणारा पाहिजे, आणि आठहि यंत्रांस एकच प्रश्न विचारून उत्तरें ताडणारा पाहिजे. परंतु खूणच नसेल तर वाचणाऱ्यानें काय वाचावें?

७. विद्यार्थ्यांसाठीं नियम

आजकाल पुष्कळ विद्यार्थी घरीं व शाळेंत आज्ञावल्या लिहितात. त्यांनीं पुढील नियम आरंभापासून पाळावे.

(१) 'अंतिम', 'नवी अंतिम', 'खरोखर अंतिम' अशा नांवांच्या नकला करूं नयेत. आवृत्ति-नियंत्रणाचा उपयोग करावा.
(२) सर्व बदल जमा झाल्यावांचून लेबल लावूं नये.
(३) लेबलाचें नांव अर्थपूर्ण असावें, आणि एकदां तें दुसऱ्यांस दिलें म्हणजे हलवूं नये. चूक राहिली असल्यास नवें लेबल द्यावें. एकाच नांवाखालीं दोघांच्या हातीं दोन वस्तु असणें ही लबाडी नसली तरी तिचा परिणाम लबाडीसारखाच होतो.
(४) कीवर्ड वापरावयाचा असल्यास लेखाच्या फायलींतच वापरावा, आणि तोहि एका ओळीचा.
(५) आवृत्तीची ओळ हातानें लिहूं नये. ती यंत्राकडून भरून घ्यावी.
(६) आज्ञावली ज्या यंत्रावर बसविली तेथें जाऊन तिची आवृत्ति विचारावी, आणि जी बसवावयाची होती तीच बसली आहे याची खात्री करून घ्यावी.

पालकवर्गास एवढेंच सांगावयाचें कीं, मुलानें उत्तरपत्रिकेवर नांव, इयत्ता व तारीख लिहावी असा आपण आग्रह धरितों, त्याच आग्रहाचें हें पुढील पाऊल आहे. आपण केलेल्या कामावर आपली खरी खूण असावी, आणि खूण जें सांगते तेंच काम आंत असावें, हा प्रामाणिकपणाचा धडा पाटीवर जितका खरा तितकाच संगणकावरहि खरा आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) कीवर्ड व लेबल यांतील भेद एकेका उदाहरणानें स्पष्ट करा.
(२) चित्राच्या फाइलींत कीवर्डाचा विस्तार झाल्यास काय होईल, व कां?
(३) वर दिलेल्या तीन फायलींच्या उदाहरणांत बिघाड शुल्क ह्या फाइलींत आहे कीं छपाई ह्या फाइलींत, हें 'वार्षिक-निकाल' ह्या लेबलाच्या साह्यानें कसें शोधाल?
(४) मजकुरावरून निघालेलें नांव त्याच मजकुरांत कां लिहितां येत नाहीं?
(५) आठ यंत्रांपैकीं एकावर जुनी आवृत्ति राहिली आहे हें बाजार उघडण्यापूर्वीं कळावें म्हणून तुम्ही कोणती तपासणी ठेवाल?